इंजिनात राहिलेली आहेराची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी टोपी आहे. पांढरी आहे हे सांगावं लागतंय, यातच काय ते समजा.

शिरूरच्या एका शिंप्याने मला शिवलं. ताग्याचं शेवटचं टोक उरलं होतं. त्यात टोपी होत नव्हती, पण शिंपी जिद्दीचा होता. त्यामुळे मी अशी झाले, की मोठ्या माणसाच्या डोक्यावर ठेवली तर टोपीसारखी न दिसता डोक्यावर काहीतरी पडल्यासारखी दिसे. लहान मुलांना मी चालले असते, पण लहान मुलांचा कुणी मान करत नाही.

मी आहेरात गेले. आमच्या भागात लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. पाहुणा टोपी डोक्याला लावून बघतो, काढतो, हसतो आणि घरी जाऊन ट्रंकेत टाकतो. पुढच्या लग्नात ट्रंकेतली टोपी दुसऱ्या पाहुण्याला जाते. अशी मी कारेगावला गेले, कोरेगाव भीमाला गेले, पण डोक्यावर कधी राहिले नाही. माझा जोडीदार टॉवेल मात्र दर वेळी नवा असे, कारण टॉवेल लोक वापरतात. हे आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

फिरत फिरत मी केंदूरच्या भागुबाईंच्या ट्रंकेत आले. भागुबाई हुशार. घरातून जाणाऱ्या प्रत्येक आहेराला त्या आतून लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घालत. म्हणत, "दिल्यालं परत आलं तर वळखू यावं. ज्याचं त्यालाच गेलं तर तोंड कुठं लपवायचं?" तसा टाका त्यांनी मलाही घातला. मग त्यांच्या जयसिंगचं लग्न दौंडच्या रंभाशी झालं, तेव्हा मला रंभाच्या वडिलांना, आनंदरावांना, मानाने दिलं. आनंदरावांचं डोकं मोठं. मी पुन्हा ट्रंकेत.

जयसिंगची केंदूरला पिठाची गिरणी होती. शिवाय त्याने एक जुनी काळी मोटार घेतली होती. ती चालता चालता सूं सूं आवाज करी आणि जिथे चार माणसं बघत असतील तिथे बंद पडे. त्या दिवाळीला जयसिंग रंभाला घेऊन दौंडला निघाला, तर मोटार पाटसला थांबली. मग बैल जोडले. भर दिवसा, दौंडच्या स्टेशनासमोरून, बैलांनी ओढलेल्या मोटारीत रंभा नवं लुगडं नेसून बसलेली. जयसिंग पुढे बैलांबरोबर चालत होता, म्हणजे सगळ्यांचे डोळे आत एकट्या रंभाकडे.

"काय ओ बाई," एक जण ओरडला, "हिला पेट्रोल घालता का कडबा?"

रंभाने पदर असा पुढे ओढला, की घर येईपर्यंत तिला काही दिसलं नाही.

त्याच दिवाळीला आनंदरावांनी ट्रंक उघडली आणि जावयाला टॉवेल-टोपी दिली. टोपी म्हणजे मी! ज्या घरातून आले त्याच घरच्या मुलाच्या हातात. मला लाजेने घाम फुटला असता, पण मी सुती. जयसिंग स्वतःच शरमलेला होता. त्याने आम्हा दोघांना न बघताच मोटारीच्या डिकीत टाकलं आणि विसरला. त्यामुळे भागुबाईंनी मला पाहिलंच नाही.

पुढे सत्त्याहत्तर साली धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात. रंभा आधीच एसटीने माहेरी गेली. जाताना शेजारच्या खंडूभाऊंजवळ निरोप ठेवून गेली, "त्यांना सांगा, मोटार आपल्या पायानं आमच्या दारात आली, तरच मी तिच्यात बसून यीन. न्हाईतर जेवा आन् एकटंच जावा."

निरोप ऐकून जयसिंग उठला. "गिरणीचं इंजन मी एकटा खोलतो. मोटारीला काय शिंगं हायती?"

दोघांनी झाकण उघडलं. पेट्रोल आणि हवा इंजिनाच्या पोटात नेणाऱ्या जाड नळ्यांचा एक जोड असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो जिथे इंजिनाला चिकटतो तिथली चकती फाटली होती, तिथूनच सूं सूं येत होतं. जयसिंगने नटांवर रॉकेल ओतलं, कार्बोरेटर उतरवला, नट सोडले, लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून मॅनिफोल्ड मोकळं केलं. इंजिनाला दोन भोकं उघडी पडली.

"आधी भोकं बुजव," खंडूभाऊ म्हणाले. "एखादा नट आत गेला, तर बैलं बी ओढायची न्हाईत."

जयसिंगने डिकीत हात घातला. एका भोकात टॉवेल गेला. दुसऱ्यात मला पिळून कोंबलं.

मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मी तिथे बरोबर बसले! आयुष्यात पहिल्यांदा. दोन तालुक्यांत एक डोकं मिळालं नाही आणि इंजिनाचं भोक मात्र मापाचं निघालं. मी अगदी आत सरकून, अंग चोरून बसले. टॉवेल अर्धा बाहेर लोंबत होता.

नवी चकती आली. जयसिंगने हात पुसायला टॉवेल ओढला. मी दिसतच नव्हते. मॅनिफोल्ड बसलं, नट आवळले गेले, अंधार झाला.

मोटार सुरू झाली, पण अर्ध्याच इंजिनावर. अर्धं इंजिन माझ्यामागे उपाशी होतं. ती थरथरत, खोकत निघाली. न्हावऱ्याजवळ एक सायकलवाला पुढे गेला. चौफुल्याजवळ एक बैलगाडी पुढे गेली, आणि त्यातल्या म्हातारीने जयसिंगला विचारलं, "येतोस का बाबा आमच्यात?" मी आत पेट्रोलच्या वासात तोंड लपवून होते.

तरी ती दौंडला पोचली. आनंदरावांच्या अंगणात वळली आणि फाटकातच बंद पडली. पुढची चाकं आत, मागची गल्लीत. गल्ली जमली.

"आली," जयसिंग म्हणाला.

"इंजन आलंय," आनंदराव म्हणाले. "डिकी अजून भाहीर हाय, जावईबापू."

रंभा दारात उभी होती. "मंग मी बी अर्धीच यीन. कुठली अर्धी पायजे?"

गल्ली हसली. जयसिंगने मान खाली घातली. ताटं वाढलेली होती, अंगात नवा सदरा होता. त्याने बाह्या वर केल्या आणि सगळ्यांसमोर पुन्हा नट सोडायला घेतले. मॅनिफोल्ड निघालं. त्याने भोकात बोटं घातली आणि मला बाहेर ओढलं. काळी, भिजलेली, चुरगळलेली.

आनंदरावांनी मला ओळखलं. त्यांचा आवाज चढला. "आम्ही दिल्याली मानाची टोपी! इंजनात कोंबली? ह्योच का आमचा मान?"

"चुकलो, मामा," जयसिंग म्हणाला. त्याचा चेहरा माझ्याइतकाच काळा झाला होता.

"चुकलो काय? ताटावर बसायचं न्हाई आज!"

रंभाने पुढे येऊन मला हातात घेतलं, पिळलं, उलटं केलं. लाल टाका अजून तसाच होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ह्यो तर माझ्या सासूबाईंचा टाका. लग्नात त्यांनी तुमाला दिल्याली टोपी तुम्ही ह्यांनाच परत दिली व्हय?"

स्टेशनात एक इंजिन बराच वेळ शिट्टी देत राहिलं. आनंदराव वाकून मोटारीच्या पोटात बघू लागले, जणू त्यांना लहानपणापासून मोटारींची आवड होती. "आता... आता व्हईल का चालू?" त्यांनी विचारलं.

जयसिंगने भोकं तपासली. मग पुन्हा तपासली. मॅनिफोल्ड बसवलं, हँडल मारलं. मोटार अशी गुरगुरली, की गल्लीतली माणसं मागे सरली, आणि डिकीसकट आत आली.

जेवणं झाली. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. मग रंभा उठली, बोचकं घेतलं आणि मोटारीत जाऊन बसली.

"दिवाळीला मी एकटीच लाजत हुते," ती म्हणाली. "आता सगळीच लाजल्यात. चला घरी."

मित्रांनो, मी आता कुणाला आहेरात देण्यासारखी राहिले नाही, म्हणून केंदूरच्या घरातच राहते. माझी हात जोडून विनंती आहे. ज्याच्या मापाची वस्तू असेल, त्यालाच ती द्या. आणि कुठलंही यंत्र उघडलंत, तर आत जे जे घातलं असेल ते आठवून बाहेर काढा. आतलं कुणी हाक मारू शकत नाही.

रंभाने मला एक लांब लाल दोरी शिवली आहे. टोपीला शेपूट! खंडूभाऊ दिसले की हसतात आणि मी अजूनही लाजते. पण मॅनिफोल्ड निघालं, की घरात आधी मला शोधतात. मी भोकात जाऊन बसते, दोरी बाहेर लोंबत राहते, आणि काम संपलं की रंभा स्वतः येऊन ती ओढते.