तीन हिवाळ्यांची बरेली

हेमचंद्र बरेलीत मोजून तीन हिवाळे राहिले होते. वडिलांची रेल्वेतली बदली, इयत्ता चौथी ते सहावी. मग सगळं कुटुंब मिरजेला परत आलं ते आलंच. त्यांच्या बायकोला, रेखाताईंना, हे पक्कं ठाऊक होतं, कारण सासऱ्यांचे बदलीचे कागद त्यांनीच आवरले होते. पण अमेरिकेत येऊन त्रेचाळीस वर्षं झाली, आणि दर वर्षी ते तीन हिवाळे थोडे थोडे वाढत गेले. आधी ते 'लहानपणीची काही वर्षं' झाले. नोकरीतून निवृत्त होईपर्यंत 'सगळं लहानपण' झाले. हल्ली त्यांच्या श्रूजबरी गावात नवीन मराठी कुटुंब राहायला आलं, की हेमचंद्र हात पुढे करून सांगत, "आम्ही मूळचे बरेलीकडचे."

बाहेर गुडघाभर बर्फ पडलेला असे आणि पारा शून्याच्या खाली नऊवर. हेमचंद्र खिडकीतून बघून नाक मुरडत. "ही कसली थंडी? थंडी बरेलीची! दात वाजायचे ते सुद्धा तालात."

संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्यांच्याकडे 'उन्हातली बैठक' भरे. बरेलीला लोक हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात बसत, म्हणून श्रूजबरीत लोकांनी घरामागच्या लाकडी डेकवर ऊन खात बसायचं. सकाळी ओळखीतला यतीन येऊन बर्फ उपसून जागा करी. मग पाच-सहा कुटुंबं कोट, टोप्या, हातमोजे घालून खुर्च्यांवर बसत, मांड्यांवर रजया घेत आणि हातमोज्यांतल्या बोटांनी भुईमुगाच्या शेंगा फोडायचा प्रयत्न करत. ऊन लख्ख असे. त्यात ऊब तेवढी नसे.

"अहाहा!" हेमचंद्र म्हणत. "कसं वाटतंय?"

"मस्त, काका," लोक म्हणत, आणि पाय जिवंत आहेत का ते हळूच हलवून बघत.

यतीनची बायको उल्का खरोखरच कानपूरला जन्मली, वाढली. तिने तिथे वीस हिवाळे काढले होते. एकदा ती बोलून गेली, "काका, आम्हांला तर वैताग यायचा हो. धुक्यात गाड्या कॅन्सल, अंघोळीला पाणी गरम नाही, सगळ्यांना सर्दी. मी मार्चची वाट बघायचे."

हेमचंद्रांनी तिच्याकडे दयेने बघितलं. "कानपूर वेगळं," ते म्हणाले. "बरेली वेगळी."

बैठकीचा स्वयंपाक रेखाताईंकडे. मक्याची रोटी, सरसोंची भाजी, गाजराचा हलवा, आणि बथुआचं रायतं. बथुआ श्रूजबरीत मिळत नाही, म्हणून रायत्यात पालक. हेमचंद्र दर वर्षी पहिला घास घेत, डोळे मिटत आणि सुस्कारा टाकत. "चांगलं झालंय. पण बथुआ तो बथुआ. पान कसं, मखमल! त्यावर चांदीची भुकटी. शेजारच्या मिश्राइन करायच्या." पालक निवडून, चिरून, उकडून, घोटून थकलेल्या रेखाताई तोवर रोट्या थापत असत.

रेखाताईंचं माहेर कराडजवळचं. त्यांना जगात एकच भाजी मनापासून आवडे, ती म्हणजे ताकातला चाकवत. लसणीची फोडणी, भिजवलेले शेंगदाणे, वर लाल मिरची. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनी ती केली, तेव्हा हेमचंद्रांनी वाटी बोटाने पुढे सारली. "हे तण आहे. मिरजेला काकूने आठवड्यातून तीनदा घालून जीव नकोसा केला माझा. या घरात पुन्हा दिसायला नको." तेव्हा रेखाताई तेवीस वर्षांच्या होत्या. घरात पुन्हा चाकवत दिसला नाही.

अकरा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्यात तो आपणहून उगवला. शेजारचे लोक उपटून फेकत, तेच हे. रेखाताईंनी बी धरलं आणि तळघरात कपडे धुवायच्या मशीनमागे, दिव्याखाली, ट्रेमध्ये लावलं. हेमचंद्र ब्रिज खेळायला ग्रंथालयात गेले, की त्या वाटीभर चाकवत करत, चिमणीचा पंखा मोठा लावत, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खाऊन वाटी लगेच घासून ठेवत. रविवारच्या मराठी वर्गात 'चोरी करू नये' हा धडा शिकवताना त्यांना हल्ली जरा अडखळायला होई.

या वर्षी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. चाकवताची भाजी टेबलावर, सगळ्यांसमोर, बसून खायची, असं त्यांनी ठरवलं. बाकी वाढदिवसाचं काही नको होतं.

बैठकीच्या सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "अहो, आज मी चाकवत करणार आहे."

हेमचंद्र रजया मोजत होते. "आज? लोक बरेलीचं जेवायला येतात, रेखा! त्यात तुझा पाला? काहीतरीच काय!"

"एक वाटी. माझ्यापुरती."

"वाटीचा प्रश्न नाही. वातावरणाचा प्रश्न आहे."

 तळघरात जाऊन रेखाताई ट्रेपुढे उभ्या राहिल्या. कात्री हातात होती आणि कापावं की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर धबधब पावलं वाजली. यतीन बर्फ उपसायला लवकर आला होता, आणि उल्का व त्यांची नऊ वर्षांची सिया रेखाताईंना मदत करायला. सिया त्यांच्या मराठी वर्गातली.

"रेखा आजी, मॉम सेड मी कोथिंबीर..." ती थांबली. "ओह! यू ग्रो बथुआ?"

"काय म्हणालीस?"

"बथुआ. धिस."

वर्गात मूल चुकीचं उत्तर देई, तेव्हा रेखाताई 'चूक' म्हणत नसत. 'कशावरून?' विचारत. आताही त्यांनी तेच विचारलं, फक्त आवाज थोडा बारीक निघाला.

सियाने पान उलटं केलं. "पाठीमागे पावडर. सी? आणि शेप बदकाच्या पायासारखा. डिसेंबरमध्ये आम्ही कानपूरला गेलो ना, आजीने मला वॉश करायला दिलं. फोर टाइम्स! माती निघतच राहते."

रेखाताईंनी बोटावर आलेली पांढरी भुकटी दिव्याखाली धरली. चांदीची भुकटी. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "उल्का, जरा खाली ये गं!"

उल्का आली, पान चुरगळून तिने वास घेतला. "बथुआच की. म्हणजे चाकवत. माझी आई घरात चाकवत म्हणायची आणि भाजीवाल्याशी बोलताना बथुआ. काकू, तुम्हांला माहीत नव्हतं?"

"मी बरेली पाहिलीच नाही गं," रेखाताई म्हणाल्या. "नुसती ऐकली." आणि धुवायच्या मशीनवर टेकून इतक्या हसल्या, की सिया घाबरली.

मग त्यांनी ट्रेमधला सगळा पाला मुळापर्यंत कापला. एकाच चाळणीत सगळी पानं चार वेळा धुतली, एकाच पातेल्यात उकडली, आणि दोन वाटे केले. एक घट्ट दह्यात घातला, वर भाजलेलं जिरं. दुसरा ताकात घातला, वर लसूण. चिमणीचा पंखा लावला नाही. सियाला म्हणाल्या, "विचारल्याशिवाय आपण सांगायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं."

पाऊण तास ऊन खाऊन मंडळी निळ्या ओठांनी आत आली आणि टेबलाभोवती बसली. हेमचंद्रांनी रायत्याचा चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. सुस्कारा आला नाही. 

"यतीन," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा बथुआ आहे."

"हो का, काका?"

"साठ वर्षांनी! अरे, मिश्राइनचा ओटा दिसला मला. पितळी परात दिसली." त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. "रेखा, कुठून मागवलास? एडिसनच्या देशी दुकानातून?" उत्तराची वाट न बघता त्यांची नजर पलीकडच्या भांड्यावर गेली. "आणि याच्या शेजारी ते काय? तोच पाला? याच्या पंगतीला तो? उचल बघू तो."

"बट आजोबा," सिया म्हणाली, "ते पण तेच आहे."

"काय तेच?"

"सेम पानं. मीच धुतली. बथुआ इज चाकवत."

 उल्का हलव्यातले बेदाणे मोजू लागली. हेमचंद्रांनी एका भांड्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. साठ वर्षांची बरेली आणि मिरजेची काकू एकाच पातेल्यात उकडली गेली होती. दुसरा कुणी असता तर वरमला असता. हेमचंद्रांचा चेहरा उजळला.

"मी काय म्हणत होतो! बथुआ तो बथुआ. ताकात घाला नाहीतर दह्यात. बरेलीला ताकातला सुद्धा करायचे हं. आता आठवतंय. मिश्राइन लसणीची फोडणी द्यायच्या. आण, आण इकडे आमची बरेलीची भाजी."

त्यांनी हात लांब केला. रेखाताईंनी भांडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"ही बरेलीची नाही," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला, चढलेला नव्हे. "रायतं तुमच्या मिश्राइनचं. ते सगळं तुम्ही घ्या, मी हातही लावणार नाही. ही माझ्या आईची भाजी. हिचं नाव सांगितलंत तर मिळेल."

"अगं, लोक बसलेत..."

"बसू देत. घाई नाही."

यतीनला खोकला आला. हेमचंद्रांनी छताकडे बघितलं, सियाकडे बघितलं. सिया ओठांनी आवाज न करता त्यांना पहिलं अक्षर सांगत होती, वर्गात अडलेल्या मुलाला सांगावं तसं.

"चाकवत," हेमचंद्र अखेर पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"चाकवत! चाकवत वाढ मला!"

"वाढते," रेखाताई म्हणाल्या. आधी त्यांनी स्वतःची खुर्ची ओढली, बसल्या, आणि आपल्या वाटीत काठोकाठ चाकवत वाढून घेतला. मग डाव नवऱ्याच्या वाटीत रिकामा केला आणि जेवायला सुरुवात केली.