भरपाईचा बैल

कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की नागोजी भिंतीवरचा चाबूक काढी. गोठ्यातल्या बैलाला ते कळायचं. तो आधीच अंग चोरून उभा राहायचा.

"विश्वेशच्या नावानं," नागोजी म्हणायचा आणि पहिला फटका पाठीवर काडकन वाजायचा.

बैल मूळचा गावातल्याच कार्तिकच्या घरचा. पोंगलात, गुरांच्या सणाला, गावातून बैल पळवतात. तेव्हा ह्या बैलानं नागोजीच्या थोरल्याला, विश्वेशला, भिंतीशी गाठून शिंगावर घेतलं. पोरगा जवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नुकता लागलेला. गाव देवळापुढं बसलं. कार्तिकच्या बापानं हात जोडले, "बैल तुमचा. कापा, नाहीतर विका." नागोजीनं कापला नाही, विकलाही नाही. कापला असता तर एका दिवसात सुटला असता.

तुळजा चुलीपुढून ओरडायची, "दुखणं रेड्याला न् डाग पखालीला! मुक्या जिवाला मारून लेक माघारी येतो व्हय?"

"तू गप ऱ्हा. तुला रडाया येतंय. मला न्हाई येत."

ते खरंच होतं. लेकाला अग्नी देतानाही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

वैशाखाचं ऊन पेटलं. तळं आटलं, गाळाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. अशा दिवसांत जखमेत किडे पडायचे, पण बैलाच्या जखमा भरत होत्या. नागोजीनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. हळद, वर कडुनिंबाच्या तेलाचा वास.

"तुळजे, तू लावतीस ह्याला?"

"मी त्याचं तोंड बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेताला जातो म्हणून नागोजी निघाला आणि चाबूक घेऊन पेंढ्याच्या गंजीमागं दबा धरून बसला. उन्हं कलली, तसं परसाचं काटेरी कुंपण हललं. खांद्यावर हिरवा चारा घेऊन कार्तिक आत आला. सतरा वर्षांचा, काटक. गोठ्यातून वाटी घेऊन कीर्तना पुढं झाली. नागोजीची धाकटी, आता बारावीला जाणारी. घरची बोली मराठी, पण दोघं गावच्या तमिळमध्ये बोलत होती.

"आज उशीर?"

"अप्पानं हटकलं. म्हटलं, क्रिकेटला चाललोय."

"मग बॅट कुठाय?"

"ही काय, हिरवी बॅट. बैल खातो."

कीर्तना हसली. पोंगलपासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

कार्तिक जखमेवर हळद लावत म्हणाला, "विश्वेश अण्णानंच मला तळ्यात पोहायला शिकवलं. दोनदा बुडताना काढलं." त्याचे डोळे भरून आले, हात हळदीनं भरलेले. कीर्तनानं तळहातानं त्याचे डोळे पुसले.

नागोजीला एवढंच दिसलं. लेकीचा हात, आणि त्या घरच्या पोराचा गाल.

"डेय! भाऊ खाल्ला, आता भैन पायजे?"

चाबकाचा पहिला फटका कार्तिकच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. पोरगं खाली पडलं, तसा नागोजीनं चाबूक उलटा धरला आणि दांड्यानं मारत सुटला. पोराचं मनगट कटकन मोडल्याचं ऐकू आलं, तरी हात थांबेना. कीर्तना पोराच्या अंगावर आडवी पडली. मारता मारता चाबूक पुन्हा सुलटा झाला होता. वादी तिच्या मानेपासून खांद्यापर्यंत रक्त काढत गेली.

"मारा अप्पा! बैल मारून झाला, पोर मारून झालं, आता मी ऱ्हायले!"

त्यानं हात पुन्हा वर केला. मागं बैलानं हिसडा दिला आणि खुंटा मातीसकट उपटून आला. शिंगं खाली घालून बैल धावला. नागोजी मागं सरकत भिंतीला टेकला. एक शिंग बरगडीशी घासलं, सदरा टरकला.

"करुप्पा! हो रे, हो!"

कार्तिक बैलाचं नाव घेत एका हातानं वेसणीला लोंबकळला होता. बैलाचं नाक फाटलं, रक्त दोघांच्या अंगावर उडालं. बैल फुरफुरत थांबला.

नागोजीच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर बैलाचे डोळे होते. विश्वेशनं शेवटी हेच बघितलं असेल, असं त्याच्या मनात आलं. त्या डोळ्यांत वैर नव्हतं. नुसतं भ्यालेपण होतं.

"का धरलास त्याला?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुम्हाला लागलं असतं तर गावानं ह्याला कापलं असतं."

"माझ्यासाठी न्हाई?"

"नाही," कार्तिक रक्त थुंकत म्हणाला. "तुमचा मला राग येतो."

आरडाओरडा ऐकून तुळजा आली. तिनं लेकीच्या मानेला हळद लावली, मग बांबूच्या चिपा लावून पोराचं मनगट लुगड्याच्या चिंधीनं बांधलं. "हलू नको, करंट्या. दवाखान्यापातूर टिकाया पायजे."

नागोजीनं दोर उचलून कार्तिकच्या धड हातात दिला.

"ने. बैल ने. पोरगी न्हाई. तिला शिकू दे. आन् परत कुंपनातनं आलास तर दुसरा हात मोडीन."

कार्तिक तिथंच उभा राहिला. "मग कुठून येऊ?"

तुळजा चिंधीची गाठ मारत, मान वर न करता म्हणाली, "दारातनं. मानसं दारातनं येत्यात."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. नागोजीचा हात सवयीनं चाबकाकडं गेला. तो गोठ्यात आला. खुंटा उपटल्याचा खड्डा तेवढा होता. मारायला काही नव्हतं.

तो त्या खड्ड्याशी बसला. पोटातून हुंदका आला आणि म्हातारा गुरासारखा हंबरून रडू लागला. तुळजा दारातून बघत होती. तिनं त्याला गप केलं नाही. कीर्तना धावत आली, तिलाही तिनं हाताला धरून अडवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आत्ता कुठं विश्वेश गेला त्येंचा."