गाडीच्या गालिच्याखालून

मी बोलतेय, ऐका. नवल वाटेल, कारण आवाज गिळणं हाच माझा धंदा. मी डॅम्पिंग शीट: खालून काळी, चिकट, रबरासारखी, वरून चंदेरी. आम्ही एकदा गाडीच्या पत्र्याला चिकटलो की वर गालिचा पडतो आणि आमचं तोंड पुन्हा कुणी बघत नाही.

मला दुकानातून घेऊन आली ती शिवणकाम करणारी एक बाई. तिची गाडी जुनी. वेग घेतला की टायरांची घरघर पत्र्यातून वर चढायची आणि आतल्यांना बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. खरा त्रास तिच्या सासऱ्यांना. ते टेलिफोन ऑपरेटर होते. उभा जन्म लोकांचे आवाज जोडण्यात गेला आणि म्हातारपणी कानांनीच दगा दिला. कानात यंत्र होतं, पण गाडीत ते घरघरच मोठी करून ऐकवायचं. मग ते यंत्र काढून खिशात टाकायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

अशात दूरच्या गावी त्यांच्या लेकीला मुलगी झाली. सगळे निघायची तयारी करू लागले, तर सासऱ्यांनी सांगून टाकलं, "मी नाही येत. गाडीत मी सामानासारखा बसतो."

सुनेला ते लागलं. सुट्टीच्या दिवशी तिने गाडी रिकामी केली. सीटा अंगणात आल्या. घर बदलताय का, असं शेजारीण विचारून गेली. सासरे त्यातल्याच एका सीटवर ऐसपैस बसून पेपर शोधत होते. तो मिळणार कुठून? सुनेने त्यावरच गाडीच्या तळाचं माप बेतलं होतं, कपड्याचं बेततात तसं.

एवढ्याशा चिकटपट्टीने काय होणार, असं नवऱ्याचं म्हणणं. तिने उघड्या पत्र्यावर टिचकी मारली: ठण्ण. माझा तुकडा चिकटवून पुन्हा मारली: ठप. नवऱ्याने मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

मला दाबायचा रोलर आणायला मात्र दोघंही विसरली होती. मग स्वयंपाकघरातून लाटणं आलं. लाटण्याखाली जाईन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण बाईचा हात असा की माझ्याखाली हवेचा एक बुडबुडा उरला नाही.

सासरे सुनेच्या शब्दाखातर गाडीत बसले. मोठा रस्ता लागला. टायर खाली गुरगुरत होते, मी त्यांना वर येऊ देत नव्हते. आवाज अगदीच बंद झाला असं नाही, खोटं कशाला बोलू? पण घरघरीची गुणगुण झाली. सासऱ्यांचा हात सवयीने कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. यंत्र कानातच राहिलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्या दोघांना याचा पत्ता नव्हता. गाडीत बाबांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत खुशाल बोलायची त्यांना खोड होती.

गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला, "बाबांना बाळाच्या खोलीत झोपवायला नको. घोरतात."

"घोरतोस तू," मागून शांतपणे आवाज आला. "पाळण्यात होतास तेव्हापासून."

गाडी जरा डुललीच. सुनेला हसू आवरेना. मग नवराही हसला आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. ते पुसत त्यांनी विचारलं, "आणखी काय काय बोलत होतात माझ्याबद्दल?"

सून मागे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही येत नाही म्हणालात ना, तेव्हा मी यांना सांगितलं, मग मीही जात नाही."

सासरे सीटच्या कडेला पुढे सरकून बसले. मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. लेकीच्या दारात गाडी उभी राहिली, इंजिन बंद झालं, तरी कुणी उतरेना. लेक बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिने काचेवर टकटक केली. सासऱ्यांनी काच खाली घेतली. म्हणाले, "आलो, एवढी गोष्ट संपू दे."

मी अजून त्याच गालिच्याखाली आहे, मजेत आहे. माझी आठवण नाही काढलीत तरी चालेल. फक्त गाडीत बसताना बुटांचा चिखल झटका आणि मागे बसलेल्या माणसाला बोलू द्या. रस्त्याचं मी बघते.