संध्याकाळच्या मापाची जोडी

मी मोज्यांची जोडी बोलतेय. नाक मुरडू नका, रोज धुतलेली आहे.

गुडघ्यापर्यंत येणारी, जाड विणीची, घोट्याशी घट्ट आणि वर जावं तशी सैल होत जाणारी, अशी माझी घडण. दिवसभर उभं राहणाऱ्याचं रक्त पायात साचू नये, ते वर ढकललं जावं, म्हणून मला करतात. माणसाला मध्येमध्ये बसू दिलं असतं तर माझं फारसं काम पडलं नसतं. पण बसू देण्यापेक्षा मोजे विणणं लोकांना सोपं जातं.

कोरियातल्या देगू शहरात, एका कारखान्यात मला विणलं. यंत्रावर नजर ठेवणारी बाई पाळीभर उभीच असायची आणि तिच्या पायांत साधे सुती मोजे, टाचेला विरलेले. माझ्यासारख्या ढिगाने जोड्या तिच्या हाताखालून गेल्या, तिच्या पायात एकही गेली नाही. जन्मल्या जन्मल्या हे बघितलं, त्यामुळे जगाकडून मी फार आशा धरली नाही. बरंच झालं.

तिथून मी बुसानला आले, वैद्यकीय सामानाच्या एका दुकानात. एका संध्याकाळी तिथं दोन बाया शिरल्या. एक पिल्सुन, पन्नाशी उलटलेली, गोदीत पाठ मोडून घरी बसलेला नवरा. दुसरी दोकजा, तिच्याहून थोडी मोठी, तोंडाची फटकळ. दोघी एकाच मोठ्या मार्टमध्ये उभ्या राहायच्या. तव्यावर मांडू परतायचे, मोमोसारखे सारण भरलेले, गरमागरम. कात्रीने त्याचे दोन तुकडे करायचे, काडी टोचायची आणि गिऱ्हाइकापुढे धरायचे. "या, चाखून बघा, आज स्वस्त आहेत." सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

"बसा, माप घेते," दुकानदारीण म्हणाली.

"बसले तर उठायची नाही गं बाई. उभ्या उभ्याच घे," पिल्सुन म्हणाली.

दुकानदारीण खाली वाकली, घोट्याला फीत लावली आणि च्यक् च्यक् करत म्हणाली, "सकाळी यायला हवं होतं. उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी माप घ्यायचं असतं. आत्ता भोपळे झालेत यांचे."

"सकाळी मी मार्टमध्ये. आणि हेच माझे पाय, दुसरे कुठून आणू?"

"घेऊन टाक गं," दोकजा म्हणाली. "हिचा सकाळचा पाय म्हणजे लग्नाआधीचा फोटो. नुसता बघायचा, कामाचा नाही."

दोघी खो खो हसल्या. हसता हसता फितीवर आला तो आकडा दुकानदारिणीने धरला आणि मोठ्या मापाची म्हणून मी पिल्सुनच्या पिशवीत गेले. "वरची कड दुमडायची नाही हं," दुकानदारीण मागून ओरडली. तोवर दोघी बसच्या मागे धावत होत्या.

चूक तिथंच झाली. उभं राहणाऱ्या बायांनाच ती होते, कारण त्यांना संध्याकाळचेच पाय ओळखीचे. सकाळी अंधुक उजेडात मला चढवताना पिल्सुन आपल्या पोटरीकडे बघतसुद्धा नव्हती. सकाळी ती पोटरी सडसडीत असायची, मी तिच्यावर ढगळ बसायचे. तवा तापेपर्यंत घसरून घोट्याशी गोळा व्हायचे, वळ्या पडायच्या, त्या कातड्यावर घासायच्या. घोट्याच्या आतल्या बाजूला आधीच काळसर डाग होता, खरवडलेल्या वांग्यासारखा.

मजल्यावरचे साहेब म्हणजे नामगुंग. वयाने पोरगेलेसे, बोलायला मऊ. "पिल्सुनबाई, मोजे वर घ्या ना. माणसं मांडू बघायला येतात, तुमच्या वळ्या बघायला नाही."

"घेते साहेब."

साहेब गेल्यावर दोकजा समोरच्या तव्यावरून फणकारली, "याच्या आईला उभं करा इथं एक दिवस! अगं, वरची कड दोनदा दुमड. घसरायचं नाव काढणार नाही."

पिल्सुनने दुमडली. मी घसरले नाही. पण दुपारी पाय फुगला आणि दुमडलेली कड गुडघ्याखाली दोरीसारखी रुतली. ज्या रक्ताला मी वर ढकलायचं, त्याचीच वाट मी अडवून बसले. मला ओरडता येत नाही. मी फक्त आवळले, कारण मला तेवढंच येतं. संध्याकाळी तिने मला सोलून काढलं तेव्हा गुडघ्याखाली लाल कडं पडलेलं आणि डागाचं कातडं ओलं झालेलं. तिने त्यावर मलम फासलं, मला धुऊन घरातल्या खालून तापवलेल्या फरशीवर वाळत टाकलं आणि सकाळी पुन्हा तेच.

जाऊ नये का डॉक्टरकडे? जावं. पण चुसोकचा सण तोंडावर आला होता आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, सण झाला की चाखायचे दोन तवे जाऊन एकच राहणार. दोघींतली एक राहणार. दोघींना ते ठाऊक होतं. तरी जिन्याखाली सतरंजीवर बसून दोघी एकाच डब्यातली किमची खायच्या, आणि कोण राहणार हा विषय एकीनेही काढला नाही.

तव्यामागे एक घडीची खुर्ची होती. कामगारांसाठी ठेवायचीच, असा नियम. ठेवली होती. तिच्यावर काड्यांची खोकी रचलेली असायची. तिच्यावर कुणी बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, आणि रिकाम्या बाईला पगार कशाला, हे त्या मजल्यावर कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना पाठ होतं.

सणाच्या आदल्या दिवशी झुंबड उडाली. नासपतीच्या पेट्या, फळांचे ढीग, पोरांची रडारड. दुपारी पिल्सुनच्या पायातून काहीतरी ऊन ऊन माझ्यात उतरलं. डाग फुटला होता. तिने तव्याची कड धरली, ओठ पांढरे पडले, तरी "या, चाखून बघा" चालूच.

दोकजाने आपला तवा तसाच सोडला. आली, खोकी खाली ढकलली, खुर्ची उघडली आणि पिल्सुनला खांद्याला धरून खाली दाबलं. "बस! मेलीस तर ऐन सणात सुतकाचे काळे कपडे घालायला लावशील मला."

"नको गं ताई, साहेब बघतील."

"बघू दे. डोळे त्याचे, पाय आपले."

पिल्सुन बसली. तेवढ्याशा वेळात रक्त थोडं हललं, मला ते कळलं. मग कुणीतरी हाक दिली, "इथं कुणी आहे का? मांडू करपतायत!" पिल्सुन धडपडून उठली. नामगुंग आला तेव्हा खुर्ची मोकळी होती आणि दोघी तिच्याजवळ उभ्या.

"खुर्ची कुणी काढली?"

पिल्सुनने तोंड उघडलं.

"मी," दोकजा म्हणाली. "मीच बसले होते. हिला म्हटलं, जरा माझ्या तव्याकडे बघ."

पिल्सुनचं उघडलेलं तोंड मिटलं.

"बसायला ना नाहीच, दोकजाबाई. मी कधी नाही म्हटलंय? फक्त वेळ बघावी." एवढंच बोलून तो गेला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर दोकजाने चार ऐकवल्या तरी असत्या.

सण झाला. दोकजाच्या हातात डबाबंद मांसाची सणाची पेटी देऊन साहेब म्हणाले, उद्यापासून विश्रांती घ्या. पिल्सुन राहिली. दोन तव्यांचं गिऱ्हाईक आता एका तव्यावर. खरं काय ते साहेबांना तिने सांगितलं नाही, आणि नवऱ्याच्या गोळ्या आणायला जाणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका, आधी तिच्या जागी उभे राहा.

एकदा दोकजाचा फोन आला.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे गं ताई. तुझे?"

"माझे? झकास. पोरीसारखे. कुणी कामाला घेत नाही या वयात, नुसती बसून आहे ना."



जखम नाण्याएवढी झाली तेव्हा पिल्सुन कामाला जाता जाता दवाखान्यात शिरली. मी चिकटले होते. नर्सने पाण्याने भिजवलं, तरी सुटेना. शेवटी कात्री घेतली. मला उभं चिरलं. पिल्सुन ओरडली नाही, फक्त म्हणाली, "चांगले होते हो मोजे."

डॉक्टरीणबाई जखमेवर पट्टी गुंडाळत म्हणाल्या, "आता पाय वर करून पडून राहायचं. उभं राहायचं नाही."

"किती दिवस?"

"भरेपर्यंत. नाही ऐकलंत तर भरणारच नाही."

"बरं," पिल्सुन म्हणाली.

आता मी दवाखान्याच्या बादलीत आहे, कापूस आणि सुयांच्या संगतीला. थोड्या वेळाने पिशवीचं तोंड बांधतील. त्याआधी सांगते, उठल्या उठल्या माप द्या, आपल्या मापाची घ्या, कड दुमडू नका. सांगायचं ते सांगितलं. पण एवढं सगळं पाळलं तरी मी काही पाय वाचवीनच, असं छातीठोक सांगवत नाही. आम्ही उभं राहणं लांबवतो, एवढंच. ते लांबलेलं उभं राहणं पुढं कुणाच्या कामी येतं, ते तुमचं तुम्ही बघा.

दाराशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सरळ घरी जाणार ना?"

"जाते ना," पिल्सुन म्हणाली. त्यांची पाठ वळली तशी तिने पिशवीतून मार्टचा लाल एप्रन काढला आणि तिथंच गळ्यात अडकवला. मार्टमध्ये गेल्यावर त्यात वेळ जायला नको.