झोपलेल्या बाळांचे श्वास

वर्षभर मी झोपलेल्या बाळांचे श्वास मोजले. हसू नका, माझी पीएच.डी.च त्यावर आहे. चंडीगडच्या आसपासच्या गावांत जायचं, सहा महिन्यांच्या आतलं बाळ झोपलं की घड्याळ घेऊन शेजारी बसायचं. मिनिटाला अडतीसच्या आसपास श्वास येत होते. आमचे गाइड अच्युत सर म्हणाले, चुकलंय. १९७३ सालच्या गाजलेल्या लेखात बावन्न आहेत, पुढच्या प्रत्येकाने बावन्नच दिलेत. सोमवारपर्यंत मूळ लेख आणून फरक कशामुळे ते दाखव, नाहीतर सगळी बाळं पुन्हा मोज. म्हणजे आणखी एक वर्ष! डोकंच फिरलं माझं. खरं सांगायचं तर त्या लेखाचा हवाला मीही दिला होता, न वाचताच. सगळेच देतात.

ऑनलाइन लेख कुठेच मिळेना. शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन संदर्भात दिलेला त्या मासिकाचा अठरावा खंड काढला, पान दोनशे बारा उघडलं, तर तिथे गोवरावरचा लेख. चरफडत काउंटरवर गेले. तिथल्या नलिनीताई मूळच्या अकोल्याच्या, नवरा फौजेत, राहायला चंडीमंदिरच्या छावणीत. माझं मराठी पुटपुटणं ऐकून त्या उठूनच आल्या. बावन्नचा हवाला देणारे माझ्याकडचे पाच लेख त्यांनी टेबलावर मांडले आणि प्रत्येकातला संदर्भ बोटाने दाखवला. साल त्र्याहत्तर, खंड अठरा. पण अठरावा खंड बहात्तरचा होता.

"एकाने चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं," त्या म्हणाल्या. "मूळ लेख कोणी उघडलाच नाही गं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एकोणिसावा खंड तळघरात होता. नलिनीताईंनीच शोधून दिला. पान दोनशे बारा. तक्त्यात दोन रकाने होते: जागी बाळं, बावन्न. झोपलेली बाळं, अडतीस.

अंगावर सर्रकन काटा आला. लेखात दिलं होतं, तो लिहिणारा डॉक्टर डोंगरातल्या गावांत पायी फिरला होता, मनगटावरचं घड्याळ बघून मोजत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तो असाच कुणाच्या तरी घरात श्वास रोखून बसला असणार, आणि त्याच्यासमोरचं बाळही अगदी माझ्या बाळांसारखंच श्वास घेत होतं. त्या पानावर डोकं टेकवावंसं वाटलं.

तिथूनच सरांना फोन लावला. दोन्ही आकडे सांगितले. मग तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचून दाखवली. त्या डॉक्टरने लिहिलं होतं, 'झोपेतले आकडे इतके कमी आले की माझाच विश्वास बसेना. म्हणून प्रत्येक बाळाकडे पुन्हा गेलो.'



"वसुधा," सर म्हणाले, "मी तीस वर्षं हा लेख शिकवतोय. आज पहिल्यांदा ऐकला."