शिंपला मिटायची वेळ

दातवाल्यांना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. दंतवैद्यांना कवळ्या बनवून द्यायच्या हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा, त्यामुळे वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे ते दातवालेच. ‘यांच्याइतकी माणसं कुणी हसवली नसतील, पण स्वतः मात्र महिन्यातून एकदा हसतात’ अशी त्यांची थट्टा व्हायची आणि ती त्यांना मनातून आवडायची. मुलगी गेल्यापासून ती कुणी केली नव्हती.

ठकी अकरा वर्षांची होती. उशिरा झालेली, एकुलती एक. नऊ दिवस ताप आला आणि दहाव्या दिवशी ती नव्हती. त्यानंतर घराची रीतच उलटीपालटी झाली. पूर्वी दातवाले सकाळी नऊला बाहेर पडत ते दिवेलागणीला परत येत आणि बायको दिवसभर घरी असे. आता बायकोला ते घर खायला उठू लागलं, म्हणून तिने एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं काम धरलं, आणि दातवाल्यांना कारखान्यातल्या सोबत्यांचे दबलेले आवाज सोसेनात, म्हणून त्यांनी आपलं कामाचं टेबल, साचे, कानशी, लहानमोठे ब्रश असं सगळं बिऱ्हाड घराच्या पुढच्या खोलीत आणलं. दोघं संध्याकाळी भेटत, गॅस कधी संपेल आणि नळ कुठे गळतोय एवढं बोलत, आणि जेवून उठत.

पुढच्या खोलीत ठकीची टाकी होती. खाऱ्या पाण्याची, चांगली पाच फूट लांब, आत प्रवाळांचे खडक आणि पांढरी वाळू. मासे तसे बेताचेच. ठकीचा जीव होता तो शिंपल्यावर. दहाव्या वाढदिवसाला हट्टाने मागून घेतलेला, तेव्हा मुठीएवढा, आता वीतभर झालेला. तो उघडला की त्याच्या ओठांमधून निळ्या मखमलीची झालर बाहेर पडे आणि तिच्यावर हिरवे ठिपके चमकत. उजेड हेच त्याचं मुख्य अन्न. आणि कुणाची सावली अंगावर पडली की तो झटकन मिटे, कारण समुद्रात सावली म्हणजे वरून येणारा शत्रू. हे सगळं दातवाल्यांना शोभेच्या माशांच्या दुकानदाराने समजावलं होतं. ठकी त्याला बुडबुडेकाका म्हणायची, म्हणून घरात सगळेच म्हणत.

एका मंगळवारी दुपारी दातवाल्यांनी कवळीचा साचा उकळत्या पाण्यात ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसले, कारण त्या कामात मिनिटाची चूक चालत नाही. चार वाजून वीस मिनिटांनी शिंपला मिटला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि दातवाले टाकीपासून सहा पावलांवर बसलेले होते. मिनिटभराने तो पुन्हा उघडला. त्यांनी मनावर घेतलं नाही. बुधवारी पुन्हा चार वीसला मिटला, गुरुवारीही मिटला.

दातवाले हे मुळात संशयी गृहस्थ, म्हणजे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दाढ किडली असंही न मानणारे. त्यांनी खिडकीचा पडदा लावून पाहिला. त्या वेळी रस्त्याने कुठली बस जाते का ते पाहिलं. समोरच्या गच्चीवरचे कपडे, ढग, टाकीचे दिवे, पाण्याचा पंप, सगळं तपासलं. कशाचाही संबंध लागेना. आणि मग शुक्रवारी, हातातली कानस तशीच धरलेली असताना, त्यांच्या लक्षात आलं की चार वीसला ठकीच्या शाळेची गाडी कोपऱ्यावर थांबते.

ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. साचा जास्त उकळून वाया गेला.

तरीही सोमवारी ते बुडबुडेकाकांकडे गेले; खरं म्हणजे कुणीतरी आपल्याला वेड्यात काढावं म्हणूनच गेले. काका आपल्या मोठ्या पोटावर हात ठेवून ऐकत राहिले.

“वेळेचं सोडा हो, योगायोग असेल,” ते म्हणाले. “पण शिंपला सावलीवाचून मिटतोय ना, मग त्याला काहीतरी टोचतंय. खालून बघितलंत? तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगायी असतील.”

“गोगलगाय काय करणार त्याला?”

“गोगलगाय आणि पोटात पाय, ऐकलंय ना? हिच्या पोटात सुई असते. खालून चिकटतात आणि रस पीत राहतात. दहा झाल्या की शंभर होतात, आणि मग तुमचा शिंपला गेला समजा.”

घरी येऊन दातवाल्यांनी शिंपला अलगद उचलून पाहिला. खालच्या फटीत, जिथून त्याचे धागे दगडाला धरून असतात, तिथे पांढरे दाणे ओळीने बसले होते. चौदा होते. दातवाल्यांच्या हाताला असलं काम नवं नव्हतं. त्यांनी मऊ ब्रश घेतला, डॉक्टरांची वाकडी सुई घेतली, चिमटा घेतला, आणि एकेक दाणा सोडवून खाऱ्या पाण्याच्या बरणीत टाकला. शिंपल्यावर चिकटलेले अंड्यांचे बुळबुळीत ठिपकेसुद्धा खरवडले. रोज सकाळी टाकीचे दिवे लागायच्या आधी ते हे करू लागले. काकांनी एक बोटभर लांबीचा पट्ट्यापट्ट्यांचा मासा दिला, तो उरल्यासुरल्या गोगलगायी दिवसभर वेचून खाई. तीन आठवड्यांत टाकी स्वच्छ झाली. शिंपला पूर्वी कधी नव्हता एवढा फुलला. झालर वाळूवर लोळू लागली.

आणि चार वीसला तो मिटेनासा झाला.

दातवाले पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी घड्याळ मागे पडलंय का ते पाहिलं. आठव्या दिवशी चार वाजून वीस मिनिटं झाली, एकवीस झाली, पंचवीस झाली, निळी झालर पाण्याबरोबर नुसती हलत राहिली, आणि दवाखान्यात न रडलेला तो माणूस हातांत तोंड खुपसून रडला. त्यांना वाटलं, आपण तिला दुसऱ्यांदा घालवलं; आणि या खेपेला आपल्याच हाताने, चिमट्याने वेचून.

बरणी मागच्या खिडकीत तशीच होती. तळाशी सहा दाणे अजून हलत होते. दातवाल्यांनी ते कुणालाही न विचारता शिंपल्याच्या पायथ्याशी सोडले, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यांचा मासा पिशवीत घालून काकांना परत नेऊन दिला. इतर माशांना त्रास देतो, असं सांगितलं. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलंच निखळ खोटं असावं, कारण ते बोलताना त्यांचे कान लाल झाले.

अकराव्या दिवशी, चार वीसला, शिंपला मिटला.

“आलीस?” दातवाले म्हणाले.

त्यानंतर ते रोज चारलाच काम आवरून, हात धुऊन, टाकीसमोरच्या बाकावर बसू लागले. शिंपला मिटला की बोलायला सुरुवात करत. आधी साधंच, शाळेतल्या मैत्रिणीची आई भेटली होती, तुझी सायकल मी पुसून ठेवलीय. मग हळूहळू ते बोलले जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी एका डॉक्टरांची कवळी तातडीने पोचवायची होती, आणि ठकीने त्यांचं बोट धरलं होतं. त्यांनी ते सोडवून घेतलं होतं. ‘आलोच’ म्हणाले होते. परत आले तेव्हा तिची शुद्ध गेलेली होती. “माझ्यावर रागावलीस का गं?” ते विचारत. शिंपला मिटलेलाच असे, पूर्वी मिनिटभर, आता पाच मिनिटं, कधी दहा. त्यांना वाटे, ती आता जास्त वेळ थांबते.

झालरीचा रंग उतरत होता. कडा पांढुरक्या पडल्या होत्या. दातवाल्यांना ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

अशा सहा आठवड्यांनंतर एका दुपारी चष्म्याच्या दुकानातली वीज गेली आणि बायको लवकर घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत आली तेव्हा दातवाले बाकाच्या टोकाशी ओणवे होऊन कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होते. तिने पर्स खाली ठेवली नाही, तशीच छातीशी धरून ऐकत उभी राहिली.

त्यांनी मान वळवली. पकडलं गेल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट असा काही आनंद होता की तिलाच भीती वाटली.

“बघ,” ते म्हणाले. “मिटलाय. रोज मिटतो. चार वीसला. अगं, ती येते.”

बायको टाकीजवळ गेली. मिटलेल्या शिंपल्याकडे पाहत राहिली. रडेल असं त्यांना वाटलं, पण ती रडली नाही. मग, जपून ठेवलेली वस्तू पेटीतून काढावी तशी म्हणाली,

“ठकी आली की तो कधी मिटायचा नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही त्या वेळी घरी नसायचात ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही. दप्तर दाराशी टाकायची, बूट बाहेर काढायची, आणि भिंतीला धरून अशी वाकून यायची, मांजरासारखी. सावली पडू नये म्हणून. मग इथे खाली, फरशीवर, हनुवटी टेकून बसायची. मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ‘आई, मी आलेली त्याला कळतसुद्धा नाही,’ म्हणायची. त्याचीच मोठी ऐट होती तिला. दीड वर्ष. एकदासुद्धा मिटला नाही हो तो तिच्यामुळे.”

‘मग रोज येतं ते कोण?’ हा प्रश्न दातवाल्यांच्या ओठांवर आला. तो त्यांनी विचारला नाही. तिच्याही मनात तोच असावा, कारण ती टाकीपासून दोन पावलं मागे सरली आणि आत जाऊन तिने दिवा लावला, बाहेर लख्ख उजेड असताना.

त्याच संध्याकाळी दातवाल्यांनी शिंपला उचलला. खालची फट पांढऱ्या दाण्यांनी भरून गेली होती; एकावर एक थर. ब्रश, सुई, चिमटा घेऊन ते बसले, आणि बायको न सांगता शेजारी बरणी धरून उभी राहिली. किती महिन्यांनी दोघांचे हात एका कामाला लागले होते. त्र्याऐंशीपर्यंत तिने मोजले, मग मोजणं सोडलं.

सकाळी बुडबुडेकाका येऊन बघून गेले. “उशीर झाला,” ते म्हणाले, आणि मग डोकं खाजवत, “पण एवढ्या आल्या कुठून हो? तुमची टाकी तर मी स्वतः बघितली होती, आरशासारखी होती.” दातवाले आपल्या हातांकडे बघत राहिले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, सगळं समजलं, आणि ती काकांना म्हणाली, “येतात कुठूनतरी.” या एका वाक्यासाठी दातवाले तिचे जन्मभर ऋणी राहिले असते.

दोन दिवसांनी शिंपला मेला. मेलेला शिंपला मिटत नाही, उघडा पडतो. बायकोने तो ठकीच्या टॉवेलात गुंडाळला आणि दोघांनी तो मागच्या अंगणात पुरला. माती लोटता लोटता ती म्हणाली, “त्या दिवशी तिने बोट धरलं होतं ना तुमचं, मी बघितलं होतं. नंतर तिने माझं धरलं. एकटी नव्हती ती.” म्हणजे दुकानातली वीज गेली त्या दुपारी तिने दाराशी उभं राहून सगळंच ऐकलं होतं. दातवाले खाली बसले आणि मातीत हात घालून रडले, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या रात्री दोघंही पुष्कळ दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवसापासून बायको कामावर गेली नाही. टाकी काकांना देऊन टाकायची ठरली. शनिवारी ते माणसं घेऊन येणार होते. शुक्रवारी दुपारी ती आत चहा टाकत होती आणि दातवाले सवयीने बाकावर बसले होते. बोलायचं काही नव्हतं. शिंपला नसल्यामुळे आता नजर खडकांवर फिरत होती, आणि तिथे त्यांना पहिल्यांदाच चिमुकले किडे दिसले, खडकाच्या कडेने एका रांगेत, प्रत्येकाने आपल्या नळीतून बारीकसा पिसांचा पंखा बाहेर काढलेला. डाव्या टोकापासून, दाराकडच्या बाजूने, थेट त्यांच्यासमोरपर्यंत. किती सुंदर, असं त्यांच्या मनात आलं, आणि ठकीला हे दाखवायला हवं होतं.

दाराकडचा पहिला पंखा नळीत गेला.

मग त्याच्या शेजारचा. मग तिसरा. घाई नव्हती, माणूस चालतो त्या चालीने एकामागून एक पंखे मिटत येत होते, आणि बाहेर कोपऱ्यावर शाळेची गाडी थांबून पुढे गेली. आत कपबशा वाजल्या. बायकोने विचारलं, “साखर घालू ना?” शेवटचा पंखा मिटला तो अगदी दातवाल्यांच्या समोर.

आलेली ही ठकी नव्हे, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

“घाल,” ते म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.