शर्ट घातलेला पक्षीथांबा

मित्रांनो, कोतवाल मेला. ही बातमी तूर्त बाजूला ठेवा. तो जिवंत आहे असं समजून ऐका. मीही तसंच समजून उभा आहे.

मी एक जुना पक्षीथांबा आहे. म्हणजे शेतात रोवलेला खांब आणि वर एक आडवी काठी. हे शेत कसणाऱ्या वहिनींनी मला मोडक्या खाटेतून घडवलं. आधी माझ्यावर माणसं घोरायची, मग पक्षी पहारा करू लागले. एवढीच माझी बढती. काळा कोतवाल पक्षी माझ्यावर बसून मक्यातल्या अळ्या टिपायचा आणि आभार म्हणून माझ्यावरच शिटायचा.

वहिनींच्या धाकट्या दिराला हे पटेना. "पाखरं राखण करणार, मग मी काय करू?"

"तुम्ही झोपा, भाऊजी. तेवढं तुम्हाला छान जमतं."

शेवटी पैज लागली. यंदा मका धड घरी आला, तर विषाच्या फवारणीचा पंप भंगारात. नाही आला, तर शेत भाऊजींच्या म्हणण्यानं चालणार.

अळ्या हटल्या. शेजारणी मला बघायला येऊ लागल्या. एकीनं तर माझं माप घेतलं. मी उगाच ताठ उभा राहिलो.

पण कणसात दाणा भरला की थांबा उपटायचा असतो. नाहीतर दाणे खाणारी पाखरंही त्याच काठीवर उतरतात. वहिनींना हे ठाऊक होतं. पण त्यांना कोतवालाची सवय लागली होती.

"बसू दे अजून थोडा," त्या म्हणाल्या.

पोपटांचा थवा आला. माझ्यावरच बसून त्यांनी मका सोलला. वहिनी पैज हरल्या.

पुढच्या हंगामात भाऊजींनी पंप पाठीला अडकवला. विषानं वळवळणाऱ्या अळ्या कोतवालाला आयती पंगत वाटली. तो पोटभर जेवला, माझ्यावर बसला आणि माझ्या पायाशी पडला.

वहिनींनी त्याला ओंजळीत उचललं.

"मी अळ्या मारत होतो, वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले.

"तोही तेच करत होता."

अळ्या पुन्हा आल्या, दुपटीनं. त्यांना खायला कोणी उरलं नव्हतं. भाऊजींनी मात्र पोपटांची धास्ती घेऊन मला आपला जुना शर्ट चढवला, डोक्यावर पत्र्याचा डबा ठेवला. पाखरांना बोलवायला जन्मलेला मी आता बुजगावणं आहे. एकही पाखरू फिरकत नाही. माझं काम उत्तम चाललंय, असं सगळे म्हणतात.

मित्रांनो, थांबा रोवाल तर तो उपटायची वेळही पाळा. बाकी माझा अर्ज असा:

मा. पीक संरक्षण अधिकारी यांस सविनय विनंती की, अर्जदाराच्या अंगावरील शर्ट उतरवून त्यास पूर्वपदावर रुजू करून घ्यावे, व मयत कोतवालास सदर काठीवर तातडीने हजर राहण्याचे लेखी आदेश द्यावेत.